किती लांबचं दिसायला पायजे?

कार्डवाल्या अक्कांच्या दुकानात कुणी आपलं बजेट सांगायला लागला, की त्या हात वर करून त्याला मध्येच थांबवायच्या. "ते मागनं सांग. आधी हे सांग, तुला किती लांबचं दिसायला पायजे?" नवीन माणूस गांगरून जायचा. आपण कॉम्प्युटरच्या दुकानात आलोय की चष्म्याच्या, हेच त्याला कळायचं नाही. मी तर पहिल्या खेपेला बाहेर जाऊन दारावरची पाटी पुन्हा वाचून आलो होतो.

ही दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. कोल्हापुरात घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते आणि पोरं अभ्यासाच्या नावाखाली ते घ्यायला लावून गेम खेळत होती. पण साध्या कॉम्प्युटरला गेममधली चित्रं भराभर काढायचा दम नसतो. त्यासाठी आत वेगळं ग्राफिक कार्ड बसवावं लागतं. दम कमी पडला की गेम आपली लाज झाकतो, म्हणजे थोड्या अंतरापलीकडं सरळ धुकं सोडून देतो. मग त्या धुक्यामागचा डोंगर काढायलाच नको. अक्कांचं सगळं शास्त्र या धुक्यावर उभं होतं. त्या म्हणायच्या, "पैशानं धुकं मागं सरतंय. सगळं धुकं कुणाचंच जात न्हाय. कुठवर सरलं म्हंजे तुझं समाधान हुईल, तेवढं मला सांग."

दुकान शाहूपुरीत, सासऱ्यांच्या गुळाच्या वखारीतली पुढची खोली. अक्कांच्या यजमानांनी तिथं आधी टायपिंगचा क्लास काढला, मग टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, आणि यजमान वारल्यावर अक्कांनी पदर खोचून स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. माहेर कर्नाटकातल्या सदलग्याकडचं, त्यामुळं बोलणं निम्मं कानडी आणि निम्मं कोल्हापुरी. माझ्यासारख्या पंचविशीतल्या गिऱ्हाइकाला त्या 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. मागं गुळाच्या ढेपा आणि पुढं कार्डं, त्यामुळं दुकानात मुंग्यांचा सुळसुळाट. अक्का जैन, मुंगी मारायचं नाव नाही. दुरुस्तीला आलेल्या कॅबिनेटचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीचं, झाकण उघडलं की आधी मुंग्या बाहेर पडायची वाट बघायची. एकदा एका घाईच्या गिऱ्हाइकानं फुंकर मारायला तोंड पुढं केलं, तर केवढ्यांदा खेकसल्या! "थांबा की पावणं! तुमच्या आधी आलीया ती. जाऊ दे तिला तिच्या वाटेनं." पावणं मुकाट्यानं बाकावर जाऊन बसले.

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा नियम. त्यामुळं दुकान पाचाला बंद म्हणजे बंद. आम्ही उद्यमनगरातल्या कारखान्यात ड्रॉइंग काढणारे, सहाला सुटायचो. मग कार्ड घ्यायचं तर अर्धी रजा टाकायची. "पोरगी बघायला चाललायस काय रे?" असं साहेबांनी मला विचारलेलंही आठवतंय.

कार्डांच्या खोक्यांवर त्या काळी हमखास एक बाई असायची. हातात तलवार, अंगात चिलखत, मागं आग लागलेली. खोकं जेवढं मोठं तेवढी बाई दांडगी. मुंबईहून असली खोकी आणून मिरवणारे खूप होते. अक्का ते खोकं हातातही घ्यायच्या नाहीत. "ही बाई काय घरात येऊन खेळणार न्हाय. आतलं दाव." मग कार्डाच्या पाठीवरून बोटं फिरवत बघायच्या, सासरे ढेपेवर हात फिरवून गुळाची प्रत सांगायचे तशा. पोरांना फक्त मेमरीचा आकडा कळायचा, मोठा आकडा म्हणजे मोठं कार्ड. त्यावर अक्कांचं उत्तर ठरलेलं. "कणगी ढीगभर मोठी हाय, पण दार उंदराएवढं. धान्य बाहेर यायला रात उजाडंल. दाराचं माप विचार." दार म्हणजे मेमरीतली माहिती बाहेर यायची वाट. आणि काही बहाद्दर तर असं कार्ड घेऊन यायचे, की त्यांच्या मदरबोर्डावर ते बसवायला खाचच नसायची. म्हणून अक्कांचा दंडक होता, आधी कॅबिनेट घेऊन यायचं. सायकलच्या कॅरिअरला दोरीनं कॅबिनेट बांधून शाहूपुरीकडं चाललेला माणूस दिसला, की तो अक्कांकडंच निघालाय हे समजायचं.

कार्ड दाखवायचं म्हणजे गेम लावून दाखवायचं. बाकीच्या दुकानात बंदुकीचे गेम लावायचे. अक्कांना ते खपायचं नाही. "माणसं मारायची ती आपापल्या घरी. माझ्या दुकानात गाडीच." मग त्या स्वतः खुर्चीत बसून गाडीचा गेम लावायच्या, आणि खरी गंमत इथंच असायची. बाकीच्या गाड्या सूं करून पुढं निघून जायच्या आणि अक्कांची गाडी बैलगाडीच्या चालीनं. मध्येच रस्त्याच्या कडेला उभी करायच्या. समोर एखादं तळं असायचं, नाहीतर समुद्र. पाण्यावर ऊन हलत असायचं. अक्का हाताची घडी घालून नुसत्या बघत बसायच्या. गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं की म्हणायच्या, "थांब की जरा. ढग जाऊ दे." एकदा मी विचारलं, "अक्का, खरा समुद्र बघितलाय का?" "कुठला रं तम्मा. सदलगा ते शाहूपुरी, शाहूपुरी ते सदलगा. मधी नदी लागती तेवढंच पाणी." मागून गुळाचा वास यायचा, पडद्यावर लाटा यायच्या, आणि त्या खोलीत दुपार अगदी हळूहळू सरायची. मला तिथून उठावंसं वाटायचं नाही.

पण मी काही दुपार घालवायला तिथं गेलो नव्हतो. मला कार्ड हवं होतं ते तात्यांसाठी. तात्या म्हणजे माझे वडील. तीस वर्षं ट्रक चालवला त्यांनी. कोल्हापुरातून गूळ भरायचा, गगनबावड्याला जायचं, करूळचा घाट उतरून कोकणात खाली करायचा आणि येताना चिरे भरून वर यायचं. मग एका सकाळी दात घासताना त्यांची डावी बाजू गेली. उजवा हात शाबूत, जीभ शाबूत, पण तात्यांनी बोलणंच सोडलं. कॉटवर उशाला टेकून भिंतीकडं बघत बसायचे. आई विचारायची, "भाकरी देऊ?" तर मान हलवायची, बास. डॉक्टर म्हणाले, "यांचं मन कशात तरी गुंतवा, नाहीतर माणूस बसल्या जागी विझेल." घरी मी ड्रॉइंगसाठी जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता. त्यावर कुणाकडून तरी आणून ट्रकचा एक गेम लावला. कुठल्या तरी परक्या देशातला डोंगर, अरुंद रस्ता. चालवायला बटणं चारच, हॉर्नचं एक निराळं, सगळी उजव्या हातानं दाबता येतील अशी. तात्यांची मान भिंतीवरून वळली! त्यांनी बोट ठेवलं, ट्रक हलला, आणि माझ्या कॉम्प्युटरला दम लागला. चित्र अडकायचं, उडी मारायचं, पुन्हा अडकायचं. तात्या दोन महिन्यांनी पहिलं वाक्य बोलले. "गाडी धक्के मारतीया." आणि हात काढून घेतला.

त्या एका वाक्यानं मी पेटलो. नवीन कार्ड टाकलं तर बाप परत येईल, एवढंच डोक्यात. सेकंडहँड मोटारसायकलसाठी साठवलेले सगळे पैसे घेतले, कॅबिनेट सायकलला बांधलं आणि अक्कांपुढं उभा राहिलो. "किती लांबचं दिसायला पायजे?" त्यांनी विचारलं. "सगळं," मी म्हणालो. "पार टोकापर्यंत. धुक्याचा कणसुद्धा नको." तात्यांचं सगळं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि दोन कार्डं काढली. एक भारीतलं, मोठ्या पंख्याचं. दुसरं साधं, बोटभर रुंद, पंखासुद्धा नसलेलं. साध्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे ने. मामांना बास हुईल." वडीलधाऱ्या माणसाला त्या 'मामा'च म्हणायच्या.

मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, डोक्यात राख घालून घ्यायला मला वेळ लागत नाही. "माझ्या बापासाठी घेतोय अक्का. त्यांना बारकं कशाला? तुम्हाला काय वाटलं, मला झेपणार नाही?" दुकानातली चार माणसं बघायला लागली. अक्का म्हणाल्या, "झेपंल की. मी झेपायचं बोलतच न्हाय." "मग भारीतलं द्या." त्यांनी दिलं. स्वतः बसवून दिलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "खोकं फाडू नकोस, तम्मा. नीट ठेव." मी मनात म्हटलं, खोकं कसलं सांभाळायचं, त्यावरची बाई काय पूजायची आहे?

घरी आलो, गेम लावला आणि डोळ्यांचं पारणं फिटलं. डोंगरामागं डोंगर, त्यामागं बर्फाची शिखरं, दरीतली घरं, घरांची कौलं. ट्रक लोण्यासारखा चालत होता. तात्यांना मागं उशा लावून बसवलं. त्यांनी दहा मिनिटं चालवला. आई दारात हात जोडून उभी. मग तात्यांनी गाडी कडेला घेतली, हात काढला आणि म्हणाले, "रस्ता चांगला हाय." आणि पुन्हा भिंतीकडं वळले. दुसऱ्या दिवशी बसवलं तर हातच लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर ती बर्फाची शिखरं पडद्यावर चमकत राहिली आणि माझा बाप भिंत बघत राहिला. खरं सांगतो, एवढा हरल्यासारखा मी आयुष्यात कधी झालो नाही.

शेवटी भांडायलाच म्हणून अक्कांकडं गेलो. कार्डाचा काही दोष नव्हता, पण माणसाला भांडायला कुणीतरी लागतं. अक्कांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी मी येतो घरी." आमच्याकडच्या बायका 'येतो'च म्हणतात. आल्या, पिशवीत ते बोटभर कार्ड घेऊन. कॉम्प्युटरकडं बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून तात्यांसमोर बसल्या. "मामा, शाहूपुरीतनं गूळ भरायचासा न्हवं? निळ्या दाराची वखार आठवती काय? आमचीच ती."

तात्यांची नजर भिंतीवरून निघाली. "निळं दार... तितला हमाल ढेपा लई आपटायचा."

"आपटायचाच! सासरे वरडायचे त्याला." अक्का हसल्या. मग हळूच विचारलं, "मामा, घाट उतरताना समोर काय काय दिसायचं?"

तात्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला. "काय दिसतंय? काय सुद्धा दिसत न्हवतं. पावसाळ्यात धुकं म्हंजे, बोनेट दिसलं तर नशीब. दिसत न्हाय म्हणूनच ड्रायव्हर लागतोय. ह्ये," त्यांनी पडद्याकडं हात केला, "ह्यात काय हाय? सगळं दिसतंय. ह्यात कोण बी चालवंल."

आई पदराचा बोळा तोंडाला लावून उभी होती. आजारी पडल्यापासून नवरा एवढं बोलला नव्हता. मी खाली मान घातली. ज्या धुक्यात माझ्या बापानं तीस वर्षं काढली, ते मीच मोठ्या हौसेनं पैसे देऊन पुसून टाकलं होतं.

अक्का उठल्या, कॅबिनेट उघडलं, मोठ्या पंख्याचं कार्ड काढून बोटभर कार्ड बसवलं. गेम चालू केला आणि त्यात लांबचं किती दिसावं याची एक पट्टी असते, ती ओढत ओढत अगदी अलीकडं आणली. शिखरं गेली. कौलं गेली. दरी गेली. समोर उरला दहा पावलांचा ओला रस्ता आणि त्यापुढं पांढरं, दाट, हलणारं धुकं. एवढंच काढायचं असल्यामुळं ते गरीब कार्डसुद्धा झुळझुळ चालायला लागलं. "ह्याला धुकं फुकट येतंय," अक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या. मोठं कार्ड त्यांनी न फाडलेल्या खोक्यात घातलं आणि पैसे परत केले.

तात्या ताठ बसले. उजवा हात पुढं आला. ट्रक हलला, अगदी हळू. त्यांची मान एका बाजूला कललेली, काहीतरी ऐकत असल्यासारखी. आणि पडद्यावरची नजर न काढता ते मला म्हणाले, "काच खाली घे."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. धुक्यात काच खाली घेऊन चालवायचं असतं. समोरची गाडी दिसत नाही, कानांनीच ओळखावी लागते. मी उठलो आणि कॉटशेजारची खिडकी उघडली. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल गेली, लांब कुठंतरी हॉर्न वाजला. तात्यांनी उत्तर दिल्यासारखं हॉर्नचं बटण दाबलं. मी न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडलो.

त्यानंतर दोन वर्षं रोज दुपारी तात्या करूळचा घाट चालवत होते. डोंगर परक्या देशातला, पण वळणं त्यांची. "आता पिंपरणीचं झाड. त्याच्या म्होरं पांढरा दगड, त्याला लागून उजवं वळण, हितं ब्रेक न्हाय मारायचा, गिअरवर घ्यायची." बोलायला लागले, भांडायला लागले, भाकरी करपली म्हणून आईवर ओरडायला लागले, आणि आई ते ओरडणं कौतुकानं ऐकायची. महिन्यातून एखाद्या दुपारी अक्का यायच्या आणि शेजारी क्लीनरसारख्या बसायच्या. "मामा, कोकणात किती वाजता पोचायचं?" "धुकं असंपतोर इचारायचं न्हाय, अक्का." दोघं तासतासभर त्या पांढऱ्या पडद्याकडं बघत बसायचे. कोपऱ्यात बसून बघताना मलाही कधीकधी खोलीत गार हवा आल्यासारखं वाटायचं.

मग तात्या गेले. झोपेतच, काही त्रास न होता. आईनं ती खिडकी कितीतरी दिवस लावू दिली नाही.

पुढं दोन-तीन वर्षांनी वखार विकली गेली आणि अक्का बेंगळुरूला मुलाकडं राहायला निघाल्या. निरोप घ्यायला गेलो तर दुकानात चार रिकामी खोकी आणि मुंग्यांची एक रांग, एवढंच राहिलं होतं. म्हणाल्या, "तम्मा, जायच्या आधी एकदा मामांचा घाट दाव की." माझ्याकडं तेव्हा एक जुनी गाडी होती. पाऊस सरत आलेला. सकाळी लवकर निघालो, अक्कांच्या मांडीवर दिवसाउजेडी खायचा डबा. गगनबावडा सोडला आणि घाट सुरू झाला तसं धुकं आलं. थोडंथोडकं नाही. बोनेट दिसलं तर नशीब, असलं. मी घाबरून गाडी कडेला घेतली. "अक्का, काही दिसत नाही. तुम्हाला समुद्र बघायचा होता, आणि इथं हे असलं. परत फिरूया?"

अक्का समोर बघत होत्या, दुकानात बघायच्या तशाच, हाताची घडी घालून. मीच मग विचारलं, "किती लांबचं दिसायला पाहिजे तुम्हाला?"

"फुडचं वळण," त्या म्हणाल्या. "चल हळूहळू. आता पिंपरणीचं झाड येईल."

मी पहिल्या गिअरवर गाडी सोडली. थोड्या वेळानं डाव्या हाताला धुक्यातून एक झाड निघालं. आणखी पुढं आलो तर पांढरा दगड. चुना उडालेला, शेवाळ धरलेला, पण पांढरा. त्या दगडाला लागून रस्ता उजवीकडं वळत होता.

"ब्रेक मारू नकोस," अक्का म्हणाल्या. "आणि काच खाली घे, तम्मा."

मी काच खाली घेतली. गार धुकं आत आलं. खालून, खूप खालून, घाट चढणाऱ्या एका ट्रकचा हॉर्न ऐकू आला, आणि अक्कांनी हात लांब करून माझ्या गाडीचा हॉर्न दाबला.